चिकूखालचा पेपर

घोलवड
९ जानेवारी २०१९

जयवंती,

पत्र बघून तोंड वाकडं करू नकोस. फोनवर तू "हो ताई, बरी आहे ताई, जेवले ताई" एवढंच बोलतेस, आणि इकडे तुझे भावोजी फोन स्पीकरवर टाकून माझ्या सासूबाईंना ऐकवतात, म्हणून मीही "बरी आहे, जेवले" याच्यापुढे जात नाही. मी आश्रमशाळेत दहावीला होते आणि तू तलासरीला पाचवीत, तेव्हा आपण एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठ्या द्यायचो. त्यात खरं लिहायचो. तसंच लिही.

परवा तलासरीला घरी जाऊन आले. नाक्यावर तुझा बॅनर लागलाय, सांगितलं का कोणी? त्यावर पुढारी भाऊंचा फोटो कपाटाएवढा आणि तुझा अर्जावर चिकटवतात तेवढा. खाली "आंतरराष्ट्रीय कंपनीत निवड झाल्याबद्दल तालुक्याची शान कु. जयवंती सुकऱ्या धोडी हिचे हार्दिक अभिनंदन". बाबा रोज सकाळी त्याच्याखाली उभं राहून चहा पितात. मी म्हटलं, बाबा, ती चार महिन्यांची इंटर्न आहे, नोकरी नाही अजून. तर म्हणाले, "इंटर्न म्हणजे मोठी पोस्ट असते, ग्रामसेवक सांगत होता." आता ग्रामसेवकापुढे मी काय बोलणार? मी नुसती दहावी!

तर तू सांग. नोकरी आहे की नाही? चार महिने राबवून घ्यायचं आणि मग "छान झालं, या आता" म्हणायचं, याला आपल्या आजोबांच्या वेळी वेठ म्हणायचे. तेव्हा निदान त्याला परीक्षा तरी द्यावी लागत नव्हती.

माझं ठीक आहे. चिकूचा मोसम जोरात आहे, शेठच्या शेडमध्ये आम्ही अकरा बायका सकाळी आठपासून चिकू निवडतोय. बोटं काळी झालीत.

तुझी,
कविताताई


पुणे
१७ जानेवारी २०१९

ताई,

वेठ नाही गं. वेठीला लिफ्ट नसते.

खरं लिहायचं ना? ऐक तर मग. सहा हजार मुलांनी अर्ज केले होते. चार फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत एका बाईने विचारलं, "तू प्राणी असतीस तर कोणता असतीस?" माझ्या आधीचे सगळे वाघ, गरुड, चित्ता झाले होते. मी म्हटलं, शेळी. मिळेल ते खाते आणि कुठेही चढते. त्या बाईने मान हलवून ते लिहून घेतलं. आम्ही चोवीस जण निवडले गेलो, आणि या चोवीसमधून दोघांना कायमची नोकरी देणार. बाकी बावीस जणांना प्रमाणपत्र आणि कंपनीचं नाव असलेली पाण्याची बाटली.

हॉलमध्ये एक मोठा टीव्ही आहे, त्यावर आमची नावं आणि नंबर. दर सोमवारी बदलतात. मी एकोणिसावी आहे. शेवटच्या सहांना शुक्रवारी "मोकळ्या गप्पा" मारायला बोलावतात, समोसे देतात, आणि कसं वाटतंय ते विचारतात. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मोठ्या साहेबांनासुद्धा, आणि म्हणे इथे कोणी लहान-मोठं नाही. मग तो टीव्ही कशाला लावलाय ते विचारायची सोय नाही.

पहिल्याच आठवड्यात मला भिंतीवर वारली चित्र काढायला सांगितलं. "तुझ्या तर रक्तातच असेल!" मी काढलं. माणसं बेडकांसारखी झाली. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ताई, मला ही नोकरी हवी आहे. आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. इथून प्रमाणपत्र घेऊन आले तर पुन्हा त्याच रांगेत उभी राहीन, आणि बाबा त्या बॅनरखाली काय तोंड दाखवतील? म्हणून मी एक विषय घेतला आहे जो या चोवीस जणांत दुसऱ्या कोणाला सुचणार नाही: चिकू. कॅमेऱ्याने क्रेटचा फोटो काढायचा आणि मशीनने सांगायचं, हा माल पहिला नंबर की दुसरा. माझे मार्गदर्शक इंद्रजीत सर एकदम खूश झाले. त्यांनी विचारलं, चिकूला बी असते का?

मशीनला शिकवायला फोटो लागतात, हजारोंनी. तू काढशील? कंपनी एक मोबाइल आणि स्टँड पाठवेल. शेठची परवानगी मीच मागितली, त्याला फार हौस आहे.

तुझी,
जयवंती


घोलवड
२ फेब्रुवारी २०१९

जयवंती,

तुझा मोबाइल आला, स्टँड आला, सोबत सोळा पानांचं इंग्रजी पुस्तकही आलं. पुस्तक शेठच्या पुतण्याने वाचलं आणि स्टँड उलटा जोडला. मग मी पुस्तक न वाचता सरळ जोडला.

तीन हजार दोनशे फोटो काढलेत. माल नेहमीसारखा आम्हीच निवडला, मग क्रेट कॅमेऱ्याखाली ठेवले. आता तू विचारशील, निवडता कसं? अगं, लहानपणी वाडीवर यायचीस, विसरलीस? चिकू हातात घ्यायचा, अंगठ्याने वरची भुकटी पुसायची, देठाजवळ नखाने जरासं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर कच्चा, बाजूला. पिवळट दिसलं तर तयार. मग वजन हातालाच कळतं. बुधीबाई तर खरवडतही नाही, नुसती पुसते आणि टाकते, सव्वीस वर्षं झाली तिला. मी तिला सांगितलं की जयवंतीचं मशीन आता फोटो बघून हे ओळखणार. तिने विचारलं, "त्याला नख हाय का?" मी म्हटलं नाही. "मग बोंबलाला ओळखंल," म्हणाली आणि पुढचा क्रेट ओढला.

आणि पहिल्या नंबरच्या मालाखाली गुजराती पेपर, दुसऱ्याखाली मराठी, ही आपली जुनीच पद्धत. पहिला माल दिल्ली-अहमदाबादच्या गाडीत, दुसरा वाशीच्या टेम्पोत. हमाल चिठ्ठी वाचत नाहीत, पेपर बघून क्रेट उचलतात. ही पद्धत बुधीबाईनेच घातली. तिला कुठलंच वाचता येत नाही, पण अक्षरांच्या डोक्यावर रेघ असली तर वाशी, नसली तर दिल्ली, एवढं तिला पुरतं. एकदाही गाडी चुकली नाही.

तुझ्या त्या चित्राचं ऐकून मी इतकी हसले की सासूबाई बाहेर आल्या. तुला दिवाळीत चार ठिपक्यांची रांगोळी जमत नाही आणि म्हणे रक्तात!

नंबर किती झाला ते कळव.

कविताताई


पुणे
२० फेब्रुवारी २०१९

ताई,

तिसरी! एकोणिसाव्यावरून तिसरी. मशीन शंभरातले सत्त्याण्णव क्रेट बरोबर ओळखतं. सोमवारी टीव्हीवर नाव वर सरकलं तेव्हा जे कधी माझ्याशी बोलले नव्हते ते येऊन विचारायला लागले की तू मूळची कुठली. तलासरी म्हटलं की "वॉव" म्हणतात. तलासरीला वॉव म्हणणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली.

माझ्यावर एक व्हिडिओही केला. मला साडी नेसायला सांगितली, कॉम्प्युटरसमोर. मी सांगितलं की मी कॉम्प्युटरसमोर कधी साडी नेसत नाही. ते म्हणाले, तेच तर, म्हणूनच छान दिसेल.

पुढच्या महिन्यात मशीन तुमच्या शेडमध्ये लावून बघणार आहेत. अंतिम फेरी १० एप्रिलला. त्या दिवशी परीक्षकांना तुमच्या शेडमधून व्हिडिओवर मशीन चालताना दाखवायचं आहे. आता आणखी फोटो नकोत. फक्त एक कर: क्रेट, कागद, जागा, काही म्हणजे काही बदलू नका. जसं आहे तसंच राहू दे.

इथे काम खूप आहे. लांबलचक पत्राची वाट बघू नकोस.

जयवंती


घोलवड
२४ मार्च २०१९

जयवंती,

होळी झाली. दुसऱ्या दिवशी शेठने चार बायका काढल्या. बुधीबाई, तुळशी, बायजी आणि जमना. म्हणाला, "आ मशीन आवी गयुं, हवे एटली बायडीओनी जरूर नथी." म्हणजे आता एवढ्या बायकांची गरज नाही. सव्वीस वर्षं काम केलेल्या बाईला त्याने गुजरातीतून काढलं, म्हणजे मराठीत वाईट वाटायला नको असेल.

हे मी तुला लिहिणार नव्हते. तुझी स्पर्धा आहे, डोक्याला ताप नको, म्हणून गप्प बसले. पण परवा जे झालं त्यानंतर गप्प बसवत नाही.

तुझं मशीन तीन आठवडे इथे आहे. काय चालतं ते सांगते. आम्ही सात जणी माल निवडतो, जसा रोज निवडतो. मग पेपर घालून क्रेट भरतो. मग क्रेट मशीनखाली ठेवतो, मशीन म्हणतं "पहिला नंबर", आणि शेठ टाळी वाजवतो. आम्ही निवडलेलं आम्हालाच सांगतं, आणि हुशार ते! माझ्या सासूबाईही असंच करतात, भाकरी मी थापते आणि पाहुण्यांना म्हणतात आमच्या घरी भाकरी फार मऊ होते.

परवा बुधीबाई राहिलेला पगार न्यायला आली. शेठ झोपला होता, तर ती बाकावर बसली आणि नागलीची भाकर सोडली. भाकर गुजराती पेपरात बांधलेली. बाक मशीनखाली. तुझ्या मशीनने टिंग केलं आणि हिरव्या अक्षरांत लिहिलं: पहिला नंबर, शहाण्णव टक्के.

आम्ही सगळ्या लोळलो हसून. मग मी भाकर उचलून मराठी पेपरावर ठेवली. दुसरा नंबर! मग मी माझी चप्पल ठेवली. गुजरातीवर चप्पल पहिली, मराठीवर चप्पल दुसरी. मग कच्चे हिरवे दगडासारखे चिकू गुजरातीवर ठेवले, ते दिल्लीला जायला तयार! तुझं मशीन चिकू बघतच नाही गं. पेपरावरची रेघ बघतं, बुधीबाईसारखं. फरक एवढाच की बुधीबाई आधी चिकू बघते.

हसू ओसरलं तेव्हा मला तुझं ते पत्र आठवलं. "क्रेट, कागद, जागा, काही बदलू नका." कागद. तुला कागद कसा सुचला, जयवंती? तुला माहीत होतं का?

पोस्टाने लिही. फोनवर मला "बरी आहे" ऐकायचं नाही.

कविता


पुणे
२८ मार्च २०१९

ताई,

होतं माहीत. १२ फेब्रुवारीपासून.

मशीन क्रेटमधल्या कुठल्या भागाकडे बघून ठरवतं ते रंगवून दाखवता येतं. मी दाखवलं, तर चिकू सगळे काळे आणि कागदाच्या कडा लालभडक. मी तसेच फोटो घेऊन इंद्रजीत सरांकडे गेले. ते पाच मिनिटं बघत राहिले. मग म्हणाले, "अंतिम फेरी होऊ दे. नंतर सुधारू. आत्ता हे बोललीस तर तू पुन्हा एकोणिसावी." त्यांच्या गटातला इंटर्न जिंकला तर त्यांची बढती आहे, हे मला नंतर कळलं.

मी रात्रंदिवस दुसरे फोटो शोधले, कागद नसलेले. नाहीत. तुझेच आहेत सगळे. नव्याने काढायला वेळ नाही. आणि नुसत्या फोटोवरून कच्चा-तयार कळतच नाही ताई, बुधीबाई बरोबर बोलली, नख लागतं. म्हणजे हा विषयच चुकला. हे मलाच आधी कळायला हवं होतं, चिकूच्या वाडीत वाढले मी.

चार बायकांचं मला खरंच माहीत नव्हतं. शपथ.

पण एक मागते. १० तारखेला शेडमध्ये क्रेट ठेवणारी तू असशील. बारा क्रेट. फक्त तेवढे एकदा नेहमीसारखे कागद घालून ठेव. नोकरी लागली की पहिलं काम हे मशीन दुरुस्त करायचं, आणि शेठला मी स्वतः सांगेन. बुधीबाईच्या पाया पडेन. एकदा फक्त, ताई.

जयवंती


घोलवड
२ एप्रिल २०१९

जयवंती,

कागद कसे घालायचे ते मी बघीन. मला शिकवू नकोस.

कविता


घोलवड
११ एप्रिल २०१९

जयवंती,

झालं एकदाचं तुझ्या मशीनचं लग्न. वऱ्हाडाने काय केलं ते ऐक.

तुमच्या कंपनीचा निरोप होता की व्हिडिओत "गावातल्या महिला" भरपूर दिसाव्यात. आता सात म्हणजे भरपूर नव्हेत. मग शेठने काढलेल्या चौघींनाही बोलावलं! एका दिवसासाठी, नवी साडी नेसून या म्हणाला. मशीनमुळे कामावरून काढलेल्या बायका, मशीनच्या मागे ओळीने हसत उभ्या. माझं डोकं इतकं फिरलं की त्याच मशीनचा स्टँड उचलून शेठच्या टकलावर घालावा असं वाटलं.

आणि खरं सांगते, मी ठरवून आले होते. कागद उलटे घालायचे. पहिल्याखाली मराठी, दुसऱ्याखाली गुजराती. तुझ्या सगळ्या परीक्षकांसमोर मशीनची अब्रू काढायची. तू रडशील, रड. चार बायका रडल्या, तू एकटी रडलीस तर काय बिघडलं? सहा क्रेट तसे उलटे लावूनही झाले होते.

बुधीबाईने बघितलं. तिला रेघ कळतेच. जवळ येऊन माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "कोणाचं नुकसान करतीस?" मी म्हटलं शेठचं, कंपनीचं. ती म्हणाली, "शेठ आपला नाय, कंपनी आपली नाय, पण पोर आपली हाय. आपलं काम तर गेलंच. तिचं कशाला घालवतीस?" आणि गुडघ्यावर बसून, त्या नव्या साडीत, तिने सहाच्या सहा क्रेट रिकामे करून कागद सरळ केले. मग बाकीच्या सहांना मी हात लावला. तेही सरळच.

बाराच्या बारा बरोबर आले. शेठच्या पुतण्याने आवाज बंद ठेवला होता, बाहेर पाण्याचा पंप चालू होता म्हणून. पण स्क्रीनवर तू दिसत होतीस. हात हलवून हलवून काही सांगत होतीस, आम्हाला वाटलं आभार मानतेस. आम्हीही सगळ्यांनी हात हलवले. बुधीबाईने तर दोन्ही.

नोकरी लागली ना? पेढे पाठवू नकोस. मला तुझा अजून राग आहे. बुधीबाईला पाठव.

कविताताई


पुणे
११ एप्रिल २०१९

ताई,

तू हे वाचशील तोवर तुझंही पत्र येत असेल. पण मला आजच लिहायचं आहे.

तुझी ती एक ओळ आली, "कागद कसे घालायचे ते मी बघीन", आणि मी समजले. तू उलटेच घालणार. मी तुझी बहीण आहे, तुझा राग मला माहीत आहे. दोन दिवस मी तुझ्यावर चिडून होते. मग विचार केला, मशीन सगळ्यांसमोर तोंडावर पडणारच आहे, तर त्याआधी मी का सांगू नये? आणि एकदा असं ठरवल्यावर मला फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा झोप लागली. तुझ्या रागाच्या भरवशावर मी खरं बोलायचं ठरवलं. मोठी शूर नाही मी.

प्रत्येकाला सात मिनिटं होती. मी पाच मिनिटं तेच सांगितलं. की हे मशीन चिकू ओळखत नाही, पेपर ओळखतं. की मला हे दोन महिने माहीत आहे. की याच्यामुळे चार बायकांचं काम गेलं. इंद्रजीत सरांनी डोळे मिटून घेतले. मग मी म्हटलं, आता बघा, माझी बहीण तिकडे कागद उलटे घालून क्रेट ठेवणार आहे, आणि मशीन सगळे क्रेट चुकवणार आहे.

पहिला क्रेट बरोबर. दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. मी स्क्रीनवर तुम्हाला हातवारे करून सांगत होते, कागद बदल, ताई, कागद बदल! आणि तुम्ही अकरा जणी हसत हसत हात हलवत होता.

बाराही बरोबर. मी म्हटलं, मला आणखी दोन मिनिटं द्या, मी फोन करून कागद बदलायला सांगते. घंटा वाजली. वेळ संपली म्हणे.

परीक्षकांत ती प्राणीवाली बाई होती. ती उठून माझ्याजवळ आली, माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्यासारख्या पार्श्वभूमीच्या मुलींना स्वतःच्या यशावर विश्वास बसायला वेळ लागतो. बसेल." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. एक जण तर डोळे पुसत होता.

मला पहिला नंबर दिला, ताई. मी खरं लपवलं तेव्हा तिसरी होते, खरं बोलले तर पहिली आले, कारण कोणी विश्वासच ठेवला नाही. आज पुन्हा सगळे पुरावे घेऊन गेले. सर म्हणाले, "पुरे आता, जिंकलीस तू." घोलवड-बोर्डीतल्या आणखी चाळीस शेडना मशीन विकायचं ठरतंय. नियुक्तीचं पत्र माझ्यासमोर टेबलावर आहे. शुक्रवारी २६ तारखेपर्यंत सही करून द्यायची.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. मला काही कळत नाहीये. सही करू का?

जयवंती


घोलवड
१६ एप्रिल २०१९

जयवंती,

तुझं पत्र मी शेडमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं. हात हलवण्यापाशी आले तेव्हा कोणी हसेना. मग मी बुधीबाईकडे गेले आणि तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे पोरीनं खरं सांगितलं नि आपणच तिला खोटं पाडलं?" आणि कपाळावर हात मारून घेतला. मी तिला समजावत बसले, आणि समजावता समजावता मलाच रडू आलं. माझ्या रागावर तू एवढा भरवसा टाकलास, आणि नेमका त्याच दिवशी मी तो गिळला. जन्मात एकदा शहाण्यासारखी वागले, त्याचं हे फळ!

आणि त्या बाईला सांग, पार्श्वभूमी म्हणे! आमच्या पार्श्वभूमीत मालाला आधी हात लावून बघतात आणि मग नंबर देतात.

आता तुझं विचारणं. सही करू नको असं मी सांगणार नाही, तेवढी मी मोठी नाही, मला घर चालवायला काय लागतं ते कळतं. कर असंही म्हणवत नाही. पण इकडे काय होणार आहे ते तुला माहीत असावं. शेठने मशीन विकत घ्यायचं ठरवलंय. गुरुवारी, २५ तारखेला, दिल्लीची गाडी फक्त मशीनवर भरणार. आम्हाला बाजूला बसवून, हमालांच्या हातून. त्याला बघायचंय की आमच्यावाचून चालतं का. त्या दिवशी मी आणि बुधीबाई त्याच्यासमोर कागद बदलणार आहोत. भाकर ठेवू, चप्पल ठेवू, त्याची टोपी ठेवू. चार नाही, अकरा बायकांच्या कामाचा प्रश्न आहे, आणि पुढे चाळीस शेडमध्ये अशाच बायका आहेत.

हे गुरुवारी. तुझ्या कंपनीला कळेपर्यंत शुक्रवार उजाडेल. म्हणून तू बुधवारीच सही करून टाक. एकदा सही झाली की त्यांना लगेच काढता येत नसेल, निदान तुझे भावोजी काम करतात त्या गोदामात तरी असं आहे. मशीन कोणी बनवलं ते आम्ही सांगणार नाही. शेठ विचारेल, मी म्हणेन कंपनीने बनवलं. खोटं नाही ते.

बुधीबाईचं हेच म्हणणं आहे. आमचं काम वाचेल, तुझंही राहील. कोणाला कळायचं कारण नाही. स्पीड पोस्टने पाठवतेय, वेळेवर मिळावं.

तुझी,
कविताताई


पुणे
२० एप्रिल २०१९

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. तुम्ही माझ्यासाठी दुसऱ्यांदा कागद सरळ करून ठेवताय, ते कळलं मला.

सही केली नाही. नियुक्तीचं पत्र काल परत दिलं. इंद्रजीत सर म्हणाले, पुन्हा विचार कर, सहा हजारांतून आलीस. मी म्हटलं, सर, तो आकडा तुम्ही पाठ केलाय, पण चिकूला बी असते का ते अजून कापून बघितलं नाहीत. मग त्यांनी ओळखपत्र मागून घेतलं. पाण्याची बाटली ठेव म्हणाले.

बाबांना फोन करून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, कधी येतेस. मी सांगितलं, बुधवारी संध्याकाळपर्यंत घोलवडला तुझ्याकडे, मग शुक्रवारी घरी. मी खूप रडले ताई, हे लपवत नाही. नोकरी मला खरंच हवी होती, आणि अजूनही हवी आहे.

गुरुवारी सकाळी शेठला सांग, गाडी भरायच्या आधी पाच मिनिटं थांब. मशीन कोणी बनवलं विचारलं तर माझ्याकडे बोट दाखव. तुम्ही दोघी बाकावर बसा, बुधीबाईला हलू देऊ नकोस. कागद मी बदलणार आहे.

जयवंती